रोजकीर्द : चालणे, लिहिणे, देणे



नोकरी करून रोज फिरणे, लिहिणे आणि वर दान, हे जमवता कसे, असे वाचक विचारतात. मी बी.कॉम. झालेला कारकून, वहीत तीन रकाने आखले आहेत. पहाटे धर्मापुरीच्या किल्ल्याच्या वाटेने तासभर चाल, रात्री एक पान, आणि पगाराला रुपयामागे पाच पैसे बाजूला.

हे पाच पैसे माझ्या मनाचे नाहीत. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचा निर्धार करायला सांगितले. बारा हजार मिळवणाऱ्याला सहाशे. किराणा उधारीवर चालतो त्या घरी हे सोपे नाही. म्हणून पगार हाती पडताच काढावेत, महिनाअखेर काही उरत नसते. चुलीचीच पंचाईत असेल त्याने आधी लेकरांना जेवू घालावे. तो अभ्यासिकेत तासभर शिकवील, तेही दानच.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाचे बळ, मेहनतीचे बळ, आजार कमी, अन्नपचन आणि टिकणारी समाधी. माझे पान या पाचव्यावर निघते. वाक्ये टेबलापेक्षा वाटेवरच जास्त सुचतात. ऊसतोडीवरून आलेल्या भावाला मात्र फिरायला जा म्हणणे ही थट्टा होईल. त्याचा तो रकाना कोयत्याने भरलेला आहे. त्याला झोप हवी.

वेळ तोकडा पडला तर मी पानाचे अर्धे पान करतो. दानाला हात लावत नाही, त्यात अभ्यासिकेचे वीजबिल अडकलेले असते.