तारण ठेवलेले घर

भातकापणी आटोपली की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. दिव्यांच्या उजेडात, मातीवर, रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात. बाजारपेठेतील व्यापारी वर्गणीची पावती घेतात, चषक देतात, विजेत्यांना हार घालतात. मग मंडप उतरतो आणि उत्तम चढाई करणारा तरुण पुन्हा कारखान्याच्या पाळीवर अथवा मुंबईच्या गाडीत दिसू लागतो. त्याला बक्षीस देणारे पुष्कळ भेटतात. घडवणारा क्वचितच भेटतो.

या संदर्भात खाशाबा जाधव यांचे उदाहरण स्मरणीय आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडन ऑलिंपिकला गेले. आजवरची सारी कुस्ती मातीतली. तेथे मॅट होती आणि नियमही निराळे. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना तेथे मॅटवरील कुस्तीचे धडे दिले. खाशाबा सहावे आले. ताकद होतीच, उणीव होती ती योग्य शिक्षणाची, हे त्या अनुभवाने उघड झाले.

पुढची चार वर्षे त्यांनी ती उणीव भरून काढण्यात घालवली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड झाली, तेव्हा पैशाची अडचण उभी राहिली. प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर तारण ठेवून सात हजार रुपये उभे केले. व्यवहाराच्या तराजूत हे कर्ज धोक्याचेच होते. परतफेडीची हमी म्हणजे केवळ एका विद्यार्थ्याचे कष्ट आणि शील. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मायदेशी परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून पैसा जमवला आणि गुरूंचे घर सोडवले. पदकाइतकीच ही परतफेडही मोलाची होय.

अमेरिकेतील विद्यापीठांत फुटबॉलपटू घडवण्याची एक रीत रूढ आहे. अनेक नवख्या खेळाडूंना पहिले वर्ष सामन्यांपासून जवळजवळ दूर ठेवतात. या काळात ते सराव करतात, शरीर कमावतात, अभ्यास करतात. खेळण्याची त्यांची चार वर्षे मात्र शाबूत राहतात. कच्चे फळ बाजारात आणू नये, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही आपल्याकडे सोळा वर्षांच्या मुलाकडून याच मोसमात चषकाची अपेक्षा धरली जाते.

कबड्डीच्या मोठ्या स्पर्धाही आता मॅटवर होतात. मातीत वाढलेल्या महाड-पोलादपूरच्या मुलांपुढे म्हणूनच 1948 च्या खाशाबांचाच प्रश्न उभा आहे. एका रात्रीच्या रोषणाईचा खर्च टाळून काही पेढ्यांनी मिळून एक मॅट घेतली, प्रशिक्षकाचे मानधन वर्षभर चालवले आणि मुलांच्या सकस आहाराची सोय केली, तर त्या प्रश्नाचे उत्तर गावातच सापडेल.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेने श्रेष्ठ मानली आहेत. विद्या देणाऱ्याला आधार देणे हे त्याच मार्गावरचे पाऊल आहे. अशा दानाची पाटी कोठे लागत नाही, छायाचित्रही छापून येत नाही. प्राचार्य खर्डेकरांनीही त्याची वाट पाहिली नव्हती.