उरलेल्या गाड्यांची शिरगणती

आमचे अण्णा गाड्या तोडतात. गावाबाहेरच्या भंगाराच्या वखारीत गॅस कटर चालवतात. जीप, टेंपो, ट्रक, क्वचित एखादी ॲम्बॅसडर. माझ्या जन्माआधीपासून त्यांचे हेच काम. यंदा अर्थशास्त्राच्या तासाला नमुना पाहणीचा धडा झाला, त्या संध्याकाळी मी त्यांना विचारले, "अण्णा, आजवर किती गाड्या तोडल्या असतील तुम्ही?" ते जेवत होते. म्हणाले, "मोजल्या कुणी? वजन केलं."

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच सुमारास मी एका भलत्याच प्रश्नाच्या नादी लागलो होतो. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत निघालेल्या 'मसल कार' आज किती शिल्लक असतील? घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या पोराने पुस्तके सोडून हे कसले खूळ घेतले, असे कुणी म्हणेल. लहानपणापासून इंजिने सुटी होताना पाहिली आहेत, एवढेच सांगतो.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे दांडगे इंजिन बसवायचे आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ ही बहुतेकांच्या मते यातली पहिली. त्या वर्षी तिच्या ३२,४५० गाड्या निघाल्या, १९६६ साली ९६,९४६. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे कडक झाले आणि १९७२ साली तीच जीटीओ ५,८११ वर आली. उरलेसुरले १९७३ च्या तेलसंकटाने संपवले.

म्हणजे जन्माची नोंद अगदी एककापर्यंत आहे. मृत्यूची नाही! पोरांनी शर्यतीत ठोकल्या. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने कित्येक खालून कुजल्या. दहा वर्षांची तहानलेली गाडी तेलटंचाईत कोण सांभाळणार? 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' या टीव्ही मालिकेत १९७९ ते १९८५ या काळात निव्वळ उड्या मारण्यापायी डॉज चार्जर गाड्यांचा चुराडा झाला. मालिकेत एकंदर तीनशेच्या आसपास गाड्या वापरल्या असे मानतात. १९९० साली लॉस एंजेलिस भागात एका तेलकंपनीने हवा स्वच्छ व्हावी म्हणून १९७१ पूर्वीच्या आठ हजारांहून अधिक गाड्या प्रत्येकी ७०० डॉलर देऊन विकत घेतल्या आणि मोडीत काढल्या. तिकडच्या भंगारवाल्यांना आलेल्या गाड्यांची माहिती देशपातळीवर कळवणे २००९ पासून बंधनकारक झाले. तोवर बहुतेकांचा कारभार आमच्या अण्णांसारखाच, किलोवर.

तेव्हा मोजायचे ते उरलेल्यांच्या बाजूनेच. सरकारी नोंदणी पाहावी, तर वर्षानुवर्षे कोठारात झाकून ठेवलेली गाडी तीत नसते. मालकांच्या मंडळांच्या याद्या पाहाव्यात, तर ज्याला हौस आहे त्याचेच नाव तिथे. सरांनी तळ्यातले मासे मोजण्याची रीत सांगितली होती. शंभर मासे धरून खूण करून सोडायचे. पुन्हा जाळे टाकल्यावर ऐंशी सापडले आणि त्यांत वीस खुणेचे निघाले, तर तळ्यात सुमारे चारशे मासे. गाड्यांच्या दोन मेळाव्यांत चेसी नंबर टिपून हेच करता येईल असे मला वाटले, आणि मी दोन दिवस हवेत होतो. मग ध्यानात आले की मेळाव्याला येणारे मासे ठरलेले असतात. तीच चकाकणारी गाडी इथेही येते, तिथेही येते. त्यामुळे खुणेचे मासे जास्त दिसतात आणि हिशेब खऱ्यापेक्षा कमी निघतो. गंजलेली गाडी मेळाव्याला येतच नाही.

पण खरा घोळ याच्याही पुढे आहे. जीटीओ ही पहिली दोन वर्षे स्वतंत्र गाडी नव्हती. पाँटिॲकच्याच 'लेमान्स' गाडीवर घेतलेला जादा साज होता. १९६४ आणि १९६५ च्या चेसी नंबरावरून साधी लेमान्स कोणती आणि जीटीओ कोणती हे कळत नाही. १९६६ पासून नंबराची सुरुवात २४२ ने होऊ लागली, तेव्हा भेद झाला. त्याआधीच्या गाडीसाठी कारखान्याचे जुने कागद काढावे लागतात. जीटीओची किंमत चढल्यावर लोकांनी काय केले असेल? साध्या लेमान्सवर मोठे इंजिन आणि बिल्ले चढवले. अशी प्रत्येक गाडी जीटीओंच्या यादीत एकाने भर घालते आणि साध्या लेमान्समधून एक वजा करते. १९६९ च्या कॅमेरोची तर संपूर्ण नवी बॉडी आज विकत मिळते. तीत जुने इंजिन ठेवले, तर ती उरलेली गाडी की नवी?

म्हणून 'इतक्याच उरल्या' असा एकच आकडा ठासून सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. सांगणारा कोण हेही पाहावे. गाडी विकणारा कमी सांगणार, सुटे भाग विकणारा जास्त. कागद आणि मूळ इंजिन शाबूत असलेल्या किती, इंजिन बदललेल्या किती, सोंग घेतलेल्या किती, हे वेगवेगळे आणि 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असेच सांगायला हवे. शिवाय १९७१ ची उघड्या टपाची प्लिमथ हेमी कुडा घ्या. (प्लिमथ हे नाव आपल्याला परके नाही, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात एकेकाळी प्लिमथ गाड्यांची जुळणी होत असे.) हेमी कुडा अवघ्या ११ निघाल्या, आणि त्यांतली एक २०१४ साली ३५ लाख डॉलरला गेली. अशा गाडीचा मालक कोण, रंग कोणता, याचा अभ्यास करणारी माणसे आहेत. पण शिक्षिकेने, सुताराने, दुकानातल्या कारकुनाने वापरलेल्या सहा सिलिंडरच्या लेमान्सची शिरगणती कुणी करीत नाही. रस्त्यावर तर त्याच जास्त होत्या! पैसा जिथे आहे तिथे मोजणी बारीक होते आणि नाही तिथे वजनकाटा येतो, याचा मला राग येतो. हे मत अभ्यासातून आले की वखारीतून, ते वाचकांनी ठरवावे.

हा लेख लिहीत असताना अण्णांना 'बुलिट' सिनेमातल्या मस्टँगांची हकिकत सांगितली. १९६८ च्या त्या सिनेमाला दोन गाड्या होत्या. एक २०२० साली ३७ लाख डॉलरवर विकली गेली. पाठलागाच्या उड्या जिने मारल्या ती दुसरी केव्हाच नष्ट झाली असे सगळे धरून चालले होते. ती २०१७ साली मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात भंगारातून निघालेली सापडली. आपल्याकडे गाडी मोडीत काढताना चेसी नंबराचा तुकडा कापून ठेवतात. अण्णांनी असे किती तुकडे कापले असतील! त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

"नंबर शाबूत होता?"

"होता. त्यावरूनच ओळखली."

"मग मोज तिला," अण्णा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.