विळीवर मेथी चिरली म्हणून?

मैत्रिणींनो, या आठवड्यात साठवणीच्या पापडांबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण टपालाने एक पत्र आलं आणि पापड बाजूला राहिले. तालुक्याच्या गावाहून एका तरुण भगिनीने लिहिलं आहे. तिचं पहिलं बाळ पाठीचा कणा उघडा राहिलेलं असं जन्मलं आणि चार दिवसांत गेलं. आता पुन्हा मूल व्हावं असं दोघांच्या मनात आहे. पण घरात एकच पालुपद: "पाचव्या महिन्यात ग्रहण होतं, तरी हिने विळीवर मेथी चिरली!" ती विचारते, "खरंच माझ्या हातून घडलं का हो?"

नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं वाचायला काहीजणींना सवड होणार नाही.

पोटात बाळाचा मेंदू आणि पाठीतला मज्जारज्जू हे एका नळीपासून घडतात. आधी असतो एक सपाट पापुद्रा. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि एकमेकींना मिळतात, आपण करंजीची कड दाबून मिटवतो ना, तशा. एखाद्या ठिकाणी ती मिटायची राहिली तर तिथे कणा उघडा राहतो. हे सारं काम गर्भ राहिल्यापासून सुमारे 28 दिवसांत पुरं होतं. म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस! कित्येकींना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाला ती नळी मिटायची वेळ सरून तीन महिने उलटले होते. विळीचा काय दोष आणि हिचा तरी काय?

आणि दैव पाहा, बोल लागला तो मेथीला! या कामाला जे जीवनसत्त्व लागतं ते पालेभाजीतच असतं. त्याचं नाव फॉलिक आम्ल. फोलियम म्हणजे लॅटिनमध्ये पान. 1941 साली पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं म्हणून हे नाव. पण त्याची चाहूल लागली ती आपल्या मुंबईत. 1928 साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई तिथे आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं याचा शोध घेऊ लागल्या. यीस्टपासून बनणारं मार्माइट नावाचं साधं, स्वस्त चाटण दिल्यावर त्या बायका सुधारल्या. त्यात होतं ते हेच जीवनसत्त्व. कण्याशी त्याचा संबंध पक्का व्हायला मात्र 1991 साल उजाडलं. ज्यांच्या आधीच्या बाळात हा दोष होता अशा सात देशांतल्या बायकांवर ब्रिटनने प्रयोग केला. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल घेतलेल्यांमध्ये तो दोष जवळजवळ तीन-चतुर्थांशाने कमी झाला.

"आधीपासून" हा शब्द अधोरेखित करा. आपल्याकडे डॉक्टरांकडे जायचं ते दोन महिने झाल्यावर, तेही सासूबाईंना सवड असेल तेव्हा. मूल हवं असं ठरलं की तेव्हाच रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल सुरू करावं आणि पहिले तीन महिने चालू ठेवावं. नुसत्या भाजीवर एवढं भरवशाने मिळत नाही, म्हणून गोळी. तरीही भाजी हवीच! आधी धुवा, मग चिरा. हे जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि फार शिजवलं की नासतं. अंबाडीचं पाणी आंबट म्हणून टाकावं लागतं हे खरं, पण पालक, चवळी, चाकवत यांचं उकडलेलं पाणी मोरीत ओतणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. कणीक त्यातच मळा.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि मुलं पाहत आले आहेत. ज्या आया दूध, पालेभाज्या, फळं अधिक खात त्यांची बाळं जन्मतः भरलेली होती. पण बहुतेक आयांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी निघालं. ज्यांना ते फारच कमी होतं त्यांच्यातल्या काहींची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर तपासली, तर लक्ष आणि स्मरण यांच्या काही चाचण्यांत ती मागे पडली. भाजीत ब-12 नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे यांतून येतं. आणि घरातलं दूध कुणाच्या वाट्याला जातं? आधी मुलं, मग पुरुषमंडळी, उरलं तर चहाला. सुनेच्या पेल्यात शेवटी काय उरतं ते सासूबाईंनी एकदा डोकावून बघावं.

आता पत्र लिहिणाऱ्या माझ्या लेकी, तुझ्यासाठी. वर सांगितलेलं प्रमाण तुला पुरणार नाही. आधीचं बाळ असं झालेल्यांना त्याच्या सुमारे दहापट मात्रा देतात, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची. दुकानातून आपल्या मनाने आणू नकोस. मधुमेह असेल किंवा फिट्सचं औषध चालू असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांग. ब-12 तपासून घे. एवढं करूनही शंभर टक्के हमी कुणी देत नाही, म्हणून सोनोग्राफी वेळेवर कर. डॉक्टरांकडे जाताना यजमानांबरोबर सासूबाईंनाही ने. ग्रहणाचं त्यांनी तिथेच विचारावं.

पापड पुढच्या आठवड्यात.