निर्जन बेटांवरचे पाहुणे

भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये जो कधी बसला आहे, त्याला एक क्षण नक्की ठाऊक असेल. धक्का सुटतो, काठावरचा गलका मागे पडतो आणि घटकाभर का होईना, माणसाला वाटते की ही लाँच रेवसला थांबूच नये. तशीच पुढे जात राहावी. हप्ते, बदल्या, लग्नकार्ये, सोसायटीची मीटिंग यांपैकी काहीही जिथे पोहोचणार नाही अशा एखाद्या बेटाला लागावी. अर्थात लाँच रेवसला लागते आणि आपण एस.टी.च्या रांगेत उभे राहतो.

जगात काही माणसे मात्र त्या रांगेत उभी राहत नाहीत. घर विकतात, त्या पैशांतून तीस-पस्तीस फुटांची शिडाची होडी घेतात आणि वर्षानुवर्षे उष्ण कटिबंधातल्या बेटांमधून हिंडतात. प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतली, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली ही मंडळी. त्यांची वर्णने वाचताना आपल्याला हेवा वाटतो, आणि तो स्वाभाविकच आहे. परंतु या जगण्याकडे नुसते हेव्याने पाहणे जसे अपुरे, तसेच ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून ते झटकून टाकणेही अपुरेच. त्याची एक बाजू खरोखर शिकण्यासारखी आहे आणि दुसरी विचारात पाडणारी.

आधी शिकण्यासारखी बाजू. होडीवरचे जगणे म्हणजे अखंड सुटी असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो काटकसरीचा संसार आहे. गोड्या पाण्याची टाकी काही शे लिटरांची. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची आणि शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. पाऊस आला की ताडपत्री ताणून पन्हळ करायची आणि पिंपे भरून घ्यायची. वीज सौरपट्ट्यांतून जेवढी मिळेल तेवढीच; आभाळ भरलेले असेल तर दिवा लवकर मालवायचा. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, दोर झिजतात, शीड उसवते, इंजिन नेमके नको त्या वेळी रुसते, आणि मिस्त्री शंभर कोस दूर असल्याने हात आपलेच काळे करावे लागतात. प्रवाळाच्या रांगांमधून होडी आत घ्यायची तर सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी हवा. तरच पाण्याच्या रंगावरून खोली कळते. निळे म्हणजे खोल, हिरवे म्हणजे उथळ, तपकिरी दिसले की खडक. नांगर वाळूत पडला तर ठीक. प्रवाळात पडला तर साखळी अडकते आणि शेकडो वर्षांचे प्रवाळ एका रात्रीत मोडते. हे सारे सांभाळणारा माणस आळशी असूच शकत नाही. निसर्ग देईल तेवढ्यात भागवावे, ही आपल्या आजीच्या पिढीची शिकवण या गोऱ्या कातडीच्या भटक्यांनी समुद्रावर पुन्हा गिरवली आहे.

आता दुसरी बाजू. त्यासाठी आपल्याच हिंदी महासागरात जाऊ.

मालदीवच्या दक्षिणेला सुमारे पाचशे किलोमीटरवर चागोस नावाचा द्वीपसमूह आहे. प्रवाळांची कंकणद्वीपे, मध्ये शांत, उथळ पाणी आणि भोवती माडांनी गच्च भरलेली लहान लहान बेटे. त्यातल्या सालोमन कंकणद्वीपातले बोडम हे बेट शिडाच्या होड्यांनी जग हिंडणाऱ्यांमध्ये विशेष प्रसिद्ध होते. कारण सरळ आहे. ही बेटे विषुववृत्ताला इतकी जवळ आहेत की चक्रीवादळांचा पट्टा त्यांच्या दक्षिणेला राहतो. वादळांचे महिने येथे काढावेत आणि मग मादागास्कर किंवा आफ्रिकेची वाट धरावी, असा बेत असे. 1980 आणि 1990च्या दशकांत येथे होड्या महिनोन्‌महिने नांगरून राहत. खलाशी मासे धरत, नारळ खात, एकमेकांकडे जेवायला जात, विहिरीच्या गोड्या पाण्यात कपडे धूत.

विहिरीच्या पाण्यात! वाचकाने इथे क्षणभर थांबावे. निर्जन बेटावर विहीर कोणी खणली?

तिथे केवळ विहीर नव्हती. चर्चच्या भिंती होत्या, मोडका धक्का होता, खोबऱ्याच्या व्यवसायाच्या इमारतींचे अवशेष होते आणि झाडीत बुडालेले कबरस्तान होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणून येथे माडांची लागवड केली. गुलामगिरी संपल्यावर हिंदुस्थानातूनही मजूर आले. पाच-सहा पिढ्यांत या मिश्रणातून एक समाज तयार झाला. त्याची स्वतःची क्रिओल बोली झाली, गाणी झाली, पूर्वज याच मातीत पुरले गेले. नोव्हेंबर 1965मध्ये ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडून वेगळी वसाहत केली. मॉरिशस 1968 साली स्वतंत्र झाला तो या बेटांवाचून. अमेरिकेला दिएगो गार्सिया या सर्वांत मोठ्या बेटावर लष्करी तळ हवा होता, आणि तोही माणसांशिवाय.

मग माणसे हलवण्यात आली. जे औषधपाण्यासाठी किंवा नातेवाइकांकडे मॉरिशसला गेले होते, त्यांना परतीची बोट नाकारली गेली. धान्याचा पुरवठा रोडावला. 1971 साली दिएगो गार्सिया रिकामे झाले. लोकांचे पाळीव कुत्रेही मारण्यात आले. 1972मध्ये सालोमन आणि 1973मध्ये पेरोस बान्योस. दीड-दोन हजार माणसे मॉरिशस आणि सेशेल्सच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. सरकारी कागदांत त्यांना ‘कंत्राटी मजूर’ ठरवले गेले, कारण कायमची वस्ती आहे असे कबूल केले असते तर जगाला जाब द्यावा लागला असता. 1966च्या एका सरकारी टिपणात तर या लोकांचा उल्लेख टारझन आणि मॅन फ्रायडे अशा कुचेष्टेने केलेला आहे. पोर्ट लुईच्या झोपडपट्टीत हे लोक राहिले. ज्या मॉरिशसमध्ये आपल्या कोकणातून आणि देशावरून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही मराठी म्हणून ओळख सांगतात, गणपती बसवतात, त्याच मॉरिशसमध्ये. एकाने मुलूख सोडला तो पोटासाठी. दुसऱ्याचा मुलूखच काढून घेतला गेला. दोन्ही दुःखे एका मापाने मोजता येणार नाहीत.

आणि आता होड्यांकडे परत या. ज्या काळात बोडमला जन्मलेल्या बाईला आपल्या आईच्या कबरीवर फूल वाहायला जाता येत नव्हते, त्या काळात कुणीही परदेशी होडीवाला त्याच बेटासमोर नांगर टाकू शकत होता. पुढे त्यासाठी शुल्क आणि परवाना आला, मुक्काम चार आठवड्यांवर आला. पण दार त्याच्यासाठी उघडे होते. चागोसच्या सुमारे शंभर लोकांना कबरी पाहण्यासाठी पहिली सामूहिक भेट मिळाली ती 2006 साली, तीही काही दिवसांची आणि पहाऱ्यात.

यात होडीवाल्यांचा दोष किती? त्यांनी कुणाला हाकलले नाही. त्यांच्यातल्या काहींनी कबरींवरची झाडी तोडली, विहिरी उपसून स्वच्छ ठेवल्या. परंतु ‘मी कायदा मोडला नाही’ एवढ्याने माणसाची जबाबदारी संपते काय? ‘निर्जन’ हा शब्द आपण निसर्गाचे विशेषण म्हणून वापरतो. पुष्कळदा ते कुणीतरी केलेल्या कृत्याचे नाव असते. बेट निर्जन नसते, ते निर्जन केलेले असते. आणि त्या शांततेचा आनंद घेणाऱ्याने निदान ती कशी निर्माण झाली हे विचारावे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. माणसे नाहीत म्हणूनच तर तिथले प्रवाळ आणि मासे टिकले, असे म्हणतात. 2010 साली ब्रिटनने या समुद्रात विशाल संरक्षित क्षेत्र जाहीर केले. पर्यावरण आपल्यालाही प्रिय आहे. पण त्याच वर्षी उघड झालेल्या एका अमेरिकी राजनैतिक तारेतून दिसले की असे क्षेत्र झाले तर मूळ रहिवाशांचा परतीचा दावा लंगडा पडेल, हा हिशेबही अधिकाऱ्यांच्या मनात होता. 2015मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने हे क्षेत्र जाहीर करण्याची पद्धत सागरी कायद्याशी विसंगत ठरवली. आणि साधा प्रश्न असा: हजारो माणसांचा लष्करी तळ, धावपट्टी आणि युद्धनौका चालतात, तर काही शे कोळी आणि माडकरी का चालत नाहीत? निसर्ग वाचवायचा तर तो तिथल्या माणसाला बरोबर घेऊन वाचवावा लागेल. हाकलून वाचवलेला निसर्ग हा पाहुण्यांचा बगीचा होतो.

2019 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही बेटे तोडणे बेकायदा होते असा सल्लागार अभिप्राय दिला. 22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षांसाठी ब्रिटनकडे आणि इतर बेटांवर पुनर्वसनाची मॉरिशसला मोकळीक. मात्र सह्या झाल्या म्हणजे घरे उभी राहत नाहीत. करार ठरवताना आम्हाला विचारले कुणी, असे अनेक चागोसवासीयच म्हणत आहेत. धरणग्रस्तांचे कागद पाहिलेल्या महाराष्ट्राला हा सवाल नवा नाही.

समुद्रावरचे स्वातंत्र्य खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. आपल्या मुलांनी शिडे उभारावीत, वारे ओळखावेत, दूर जावे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी 2009-10मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ते पहिले भारतीय. त्या वाटेने आणखी पुष्कळांनी जावे. फक्त एखाद्या सुंदर, शांत बेटासमोर नांगर टाकताना खाली प्रवाळ आहे की वाळू हे जसे पाहतो, तसेच काठावर विहीर आहे का हेही पाहावे. आणि विहीर दिसली, तर तिचे पाणी ओंजळीत घेण्यापूर्वी ती खणणारा आज कुठे आहे, हे विचारावे.