विश्लेषण : ट्रेलरच्या चासीला तडा का जातो? नुसती पट्टी मारून तो थांबतो का?

औट्रम घाटात अवजड वाहनांना बंदी आल्यापासून नांदगावकरांना लांबलचक ट्रेलर नवे राहिलेले नाहीत. या ट्रेलरच्या पोटाखाली वाकून पाहिले, तर अनेकांच्या चासीवर वेल्डिंगने मारलेल्या पट्ट्या दिसतात. काही ठिकाणी तर पट्टीवर पट्टी. चासीला तडा जाणे हा धंद्याचाच भाग, अशी मालक-चालकांची समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक तडे टाळता येतात. जे टाळता येत नाहीत, तेही नीट दुरुस्त करता येतात.

नांदगावचा संबंध काय?

धुळे-सोलापूर महामार्गावर चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामध्ये औट्रम घाट आहे. लोक त्याला कन्नड घाट म्हणतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तिथे मोठ्या दरडी कोसळल्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३ पासून घाटातून अवजड वाहतूक बंद झाली आणि शिऊर बंगला-नांदगाव हा पर्यायी मार्ग ठरला. जालन्याच्या सळया घेऊन खानदेशाकडे निघालेल्या ट्रेलरलाही हीच वाट पडते. महामार्गावरची वाहतूक गावांमधून जाऊ लागली की गतिरोधक, वळणे आणि ब्रेक हे सगळेच वाढते. चासीच्या दृष्टीने यातला प्रत्येक हिसका मोजला जातो.

लोखंड अचानक का तुटते?

ते अचानक तुटत नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तीच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. चासीचेही तसेच आहे. ट्रेलरला दोन लांब तुळया असतात, त्यांना लाँग मेंबर म्हणतात. पुढे किंगपिनवर आणि मागे ॲक्सलवर टेकलेल्या या तुळया मधल्या भागात भाराने खाली वाकतात, त्यामुळे तिथे खालची पट्टी ताणली जाते. प्रत्येक खड्ड्यात हा ताण वाढतो आणि कमी होतो. असे लाखो वेळा झाले की वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडते. ती हळूहळू वाढते आणि शेवटी एखाद्या गतिरोधकावर तुळई उघडते. चालकाला तेवढा शेवटचा गतिरोधकच आठवतो.

तडे जातात त्या जागा ठरलेल्या आहेत. जिथे तुळईची उंची एकदम बदलते तो गूजनेक, पाट्यांचे हँगर जिथे जोडलेले असतात ती जागा, क्रॉस मेंबरचे जोड आणि किंगपिनची प्लेट. तपासणी इथूनच सुरू करावी.

ओव्हरलोडने नेमके किती नुकसान होते?

जुलै २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलवरील वजनाची मर्यादा वाढवली. ट्रेलरच्या तीन ॲक्सलच्या गटासाठी ती २४ टनांवरून २७ टन झाली. दोन ॲक्सलचा घोडा आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर मिळून ४०.२ टनांचे ४५.५ टन झाले. कागदावरचा आकडा बदलला, पण आधी बनलेल्या चासीतले पोलाद तेवढेच राहिले. त्यामुळे जुन्या ट्रेलरवर वाढीव वजन टाकण्याआधी उत्पादकाने तो किती भारासाठी बनवला होता, ते पाहायला हवे.

वेल्डिंगच्या जोडांचे आयुष्य साधारणपणे ताणाच्या तिसऱ्या घाताने घटते. ताण २० टक्के वाढला तर १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे १.७३. जो जोड १० वर्षे टिकला असता, तो पावणेसहा वर्षांत संपतो. ताण दीडपट झाला तर तीनच वर्षे. ओव्हरलोडचा कायदेशीर दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. तो पकडले गेल्यावरच भरावा लागतो. चासी मात्र प्रत्येक फेरीला वसुली करते.

वजन नियमात असले तरी तडा जाऊ शकतो?

जाऊ शकतो, आणि याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. समजा २५ टनांचा माल आहे. तो तुळईच्या पूर्ण लांबीवर सारखा पसरला, तर मधोमध जितके वाकवणारे बळ येते, त्याच्या दुप्पट बळ तोच भार एका जागी मध्यभागी ठेवल्यावर येते. अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात हे गणित सगळेच करतात आणि नंतर विसरतात. काट्यावर वजन दोन्ही वेळा तेवढेच दिसते. सळया लांबीवर आपोआप पसरतात. पोलादाची कॉइल, ट्रान्सफॉर्मर किंवा मोठे यंत्र मात्र एका जागी बसते. अशा मालाखाली जाड लाकडी ओंडके किंवा लोखंडी तुळया टाकून भार लांबीवर वाटावा लागतो.

तडा लवकर कसा ओळखायचा?

ट्रेलर धुवून घ्या आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहा. रंगावर बारीक रेघ आणि तिच्यातून उतरलेला लालसर गंज दिसला, तर तो बहुधा तडाच असतो. खात्रीसाठी डाय पेनिट्रंट चाचणी असते. लाल द्रव लावायचा, पुसायचा आणि वर पांढरा थर फवारायचा. चीर असेल तर लाल रेघ उमटते. स्प्रेचे डबे वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात.

दुरुस्ती कुठे चुकते?

सर्वांत मोठी चूक म्हणजे तडा तसाच ठेवून त्यावर चौकोनी पट्टी मारणे. आतली चीर वाढतच राहते. शिवाय पट्टीने तेवढा भाग ताठ होतो आणि ती संपते तिथे सगळा ताण गोळा होतो. पुढचा तडा नेमका पट्टीच्या कडेला दिसतो, तो यामुळेच.

नीट काम असे होते. आधी माल उतरवायचा आणि जॅक लावून चासी सरळ, ताणमुक्त करायची. घोडा सोडवून बाजूला घ्यायचा. ते शक्य नसेल तर बॅटरी आणि ईसीयूची जोडणी काढायची. अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. मग तड्याचे खरे टोक शोधायचे. ते डोळ्यांना दिसते त्याच्या थोडे पुढे असते. तिथे ८ ते १० मिमीचे भोक पाडले की तडा पुढे सरकायचा थांबतो. त्यानंतर संपूर्ण तडा ग्राइंडरने व्ही आकारात कोरून काढायचा आणि तळापासून वेल्डिंग भरत यायचे.

रॉड कोणता, हा प्रश्न कळीचा आहे. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये ६०१३ सर्रास वापरतात. चासीच्या उच्च ताकदीच्या पोलादाला ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड लागतो, तोही ओव्हनमध्ये सुकवलेला. दमट रॉडमधला हायड्रोजन जोडात शिरला, तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी आतूनच नवी चीर पडू शकते. वेल्डिंगवर पाणी ओतून ते थंड करण्याची सवय तर ताबडतोब सोडायला हवी. शेवटी जोड तुळईच्या लांबीच्या दिशेने घासून सपाट करायचा आणि लाल रंगाची चाचणी पुन्हा करायची.

पट्टी हवीच असेल तर ती यानंतर, दोन्ही टोकांना निमुळती कापून. खालच्या ताणलेल्या पट्टीवर आडवे वेल्डिंग मारू नये, भोकही पाडू नये. गूजनेकला दोन्ही तुळयांवर तडे असतील, तर उत्पादकाला किंवा मान्यताप्राप्त ट्रेलर बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय काम करू नये. लांबी किंवा मूळ रचना बदलत असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगीही लागते.

पासिंग झाले म्हणजे चासी ठीक का?

तसे धरून चालू नये. मालवाहू वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. मधल्या काळात केसाएवढी चीर तुळईभर पसरू शकते. म्हणून दर सर्व्हिसिंगला, आणि जड एकसंध माल वाहिल्यानंतर लगेच, चासी खालून पाहावी. जुना ट्रेलर विकत घेताना गूजनेकच्या वळणावर आणि हँगरभोवती तेवढाच ताजा रंग दिसला, तर सौदा ठरवण्याआधी तो खरवडून पाहू द्या, असे विक्रेत्याला सांगा.