पावसाआधी एकदा गच्चीवर जाऊन या

मैत्रिणींनो, पापड-कुरडया वाळत घालायला आपण गच्चीवर जातोच. या आठवड्यात मात्र खुद्द गच्ची पाहायला जा. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो. मग गवंडी हाती लागत नाही, आणि लागला तरी ओल्या स्लॅबवर केलेले काम टिकत नाही.

डोंबिवलीच्या एका भगिनीने विचारले आहे की, वरचा मजला आमचा, छत दरवर्षी गळते. कंत्राटदार जुन्या कोब्यावरच नवा कोबा घालू म्हणतो, आणि खर्च तुम्हीच करा असे सोसायटी म्हणते. तर काय करावे?

आधी खर्चाचे पाहू. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी पावसाची गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. वरच्या मजल्यावर राहणे हा काही गुन्हा नव्हे! सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

आता कोबा. हे जरा मन लावून वाचा. विटांच्या तुकड्यांचा 4 इंच कोबा चौरस फुटाला साधारण 18 किलो भरतो. म्हणजे 500 चौरस फुटांच्या गच्चीवर 9,000 किलो! जुना थर तसाच ठेवून त्यावर दुसरा घातला, की हे ओझे दुप्पट. शिवाय खालच्या थरात मुरलेले पाणी तिथेच राहते. त्याने स्लॅबमधली सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. स्लॅब आतून खंगत जायचा आणि वरून आपण भार वाढवायचा, हे कसे चालेल? कल्याण पूर्वेला 20 मे 2025 रोजी सप्तशृंगी इमारतीत स्लॅब कोसळून 6 माणसे गेली. तिथे वरच्या मजल्यावर लादीचे काम चालू होते. गच्ची असो की लादी, जुन्या स्लॅबला हात लावण्याआधी इंजिनिअरला दाखवलेच पाहिजे. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर 5 वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असेल तर 3 वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे उपविधीच सांगतात. तेव्हा जुना कोबा काढून, स्लॅब पाहून, मगच नवा घालायचा. फोडाफोडीचा त्रास चार दिवसांचा असतो, बरं का.

घरातल्या डागावरून गळतीची जागा ठरवू नका. पाणी शिरते एकीकडे आणि उतरते दुसरीकडे. गच्चीवर दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे साचते ते पाहा. पावसाच्या पाइपाचे तोंड पाल्याने बुजलेले नाही ना? कठडा आणि गच्ची मिळतात तिथली गोलाई, गवंडी जिला वाटा म्हणतात, ती तडकलेली नाही ना?

चाळीत किंवा बैठ्या घरात राहणाऱ्यांनी कौले चाळून घ्यावीत. दुकानावर पत्रे असतील तर बोल्ट पन्हळीच्या खोलगट भागात नव्हे, उंचवट्यावर हवेत आणि प्रत्येकाखाली वायसर हवा. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते आणि त्यांवर पाय दिला तर माणूस सरळ खाली येतो. गड्याला आडवी फळी टाकूनच चढू द्या.

कारागीर येतात तेव्हा बहुतेक घरांत हजर असतो आपणच, म्हणून व्यवहारही आपल्याला कळायला हवा. भाव ब्रासवर सांगतात. एक ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. मोजताना टेपचे एक टोक आपण धरावे. किती इंच थर, कोणते सामान, जुना कोबा कोण फोडणार, राबिट कोण उचलणार आणि गॅरंटी किती वर्षांची, हे सारे कागदावर सहीनिशी घ्या. काम पुरते वाळले की पाण्याची तोंडे बुजवून गच्चीत 48 तास पाणी तुंबवायला सांगा. मात्र इमारत जुनी असेल तर त्यालाही इंजिनिअरची संमती हवी. आणि पैशांचा शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत हातचा सोडू नका. हे मात्र काम सुरू होण्याआधीच ठरवा. नंतर म्हटले तर भांडण होते.