डब्यांतील अन्न आणि आमचें कर्तव्य

मधल्या सुट्टीची घंटा झाली म्हणजे मुलांचे डबे उघडतात. त्यांकडे लक्षपूर्वक पाहिलें असतां घरोघरची स्थिति कळून येते. कोणाच्या डब्यांत भाकरी व पालेभाजी असते, तर कोणाच्या डब्यांत नुसता भात. कोणी डब्याऐवजीं वेफरांची पुडी आणतो. आणि एखादा विद्यार्थी पाणी पिण्याच्या निमित्तानें नळापाशींच रेंगाळतो.

पोट भरणें निराळें व शरीराचें पोषण होणें निराळें. हा भेद सरकारनेंही मानला आहे. सरकारी व अनुदानित शाळांतील पोषण आहार योजनेंत पांचवीपर्यंतच्या मुलास ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनें, आणि सहावी ते आठवीच्या मुलास ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिनें मिळावीं, असा नियम आहे. परंतु ही योजना आठवीपाशीं संपते. नववी-दहावीच्या वयांत शरीर झपाट्यानें वाढत असतें, मुलींस लोहाची गरज अधिक असते. नेमकें त्याच वेळीं पुढचें ताट उचललें जातें! खालच्या वर्गांसाठीं २०२३ सालीं आठवड्यास एक अंडें किंवा केळें देण्याचें ठरलें होतें. २०२५ च्या जानेवारींत अंड्यांचा वेगळा खर्च सरकारनें थांबविला व तो भार लोकसहभागावर सोंपविला. हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

तथापि सरकारास बोल लावून आमचें कर्तव्य संपत नाहीं. वसईच्या वाड्या पूर्वीपेक्षां कमी झाल्या, तरी केळीं व भाजीपाला येथें अजून पिकतो. किनाऱ्यावर बोंबील वाळतात. पुडीच्या पैशांत केळें व मूठभर शेंगदाणे येतात. पहाटेच्या गाडीनें मुंबईस जाणाऱ्या आईबापांस सवड नसते, हें आम्ही जाणतों. परंतु केळ्यास चूल लागत नाहीं, आणि रात्रीं भिजविलेले मूग सकाळीं तयार असतात.

आमची सूचना इतकीच कीं, नववी-दहावीच्या मुलांसाठीं शाळेनें व पालकांनीं मिळून आठवड्यांतून निदान दोन दिवस उसळीचें एक मोठें पातेलें चढवावें. गरिबांची निराळी यादी करूं नये. सर्वांस एकाच पंक्तींत वाढावें. म्हणजे नळापाशीं उभ्या राहणाऱ्या मुलास लाजण्याचें कारण उरणार नाहीं.